मॉर्गों नावाची रेड वाइन मिळालीये, सोबत जेवायला काय करू?

निवांत_नाना:
मंडळी मदत करा. फ्रान्समध्ये ल्योंला येऊन आठ महिने झाले. शेजारच्या आजींचं सामान परवा तिसऱ्या मजल्यावर चढवून दिलं तर काल त्यांनी दारात येऊन एक बाटली हातात ठेवली, लेबलवर मोठ्या अक्षरात मॉर्गों, खाली २०२१ आणि द्राक्ष कुठलं ते लिहिलेलंच नाही. शनिवारी त्यांनाच जेवायला बोलावलंय. आजी सगळं खातात, बायको व्हेज. मी कोल्हापुरी चिकन करणार होतो, चालेल ना? आणि रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवत नाहीत हे बरोबर का?

गाळीव_रत्न:
कोल्हापुरी नको रे बाबा, आजी रडतील आणि वाइनही. मॉर्गों म्हणजे बोजोले भागातलीच वाइन, तुमच्या ल्योंच्या उत्तरेला, गाडीने तासाभरात पोचाल. तिथल्या दहा भागांना क्रू म्हणतात, ते लेबलवर बरेचदा फक्त आपलंच नाव टाकतात म्हणून नवख्याचा घोळ होतो. द्राक्ष गामे. घोस न फोडता अख्खेच टाकीत टाकतात, खालचे वजनाने चिरडतात आणि वरचे दाणे सालीच्या आतच आंबायला लागतात, त्यामुळे तुरटपणा कमी आणि चेरीसारखा वास. आणि हो, ही फ्रिजमध्ये ठेवायचीच, अर्धा-पाऊण तास, १३-१४ डिग्रीला मस्त लागते.

चहाटळ:
बोजोले मी प्यायलोय, केळ्याचा वास येतो, सरबत नुसतं. रेड प्यायची तर बोर्दो, सोबत जाडजूड स्टेक, विषय संपला.

गाळीव_रत्न:
@चहाटळ ती नूव्हो असणार, काढणीनंतर दोनेक महिन्यांत नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते ती. मॉर्गों अंगाने भरलेली असते, चांगली असेल तर पाच-सात वर्षं आरामात टिकते. बाकी गामेला नावं ठेवणारे तुम्ही पहिले नाही, बर्गंडीच्या ड्यूकने १३९५ सालीच ही झाडं उपटून टाका म्हणून फर्मान काढलं होतं :)

खमंग_फोडणी:
नाना, मी चार वर्षं ल्योंला होते. तिखटाचं म्हणाल तर बोर्दोसारख्या तुरट वाइनबरोबर मिरची जास्तच झोंबते, ही त्यामानाने सोसते, पण लवंगी मिरचीपुढे हीसुद्धा आंबट पाणी लागते. त्यापेक्षा कोंबडी भाजा, लोणी-लसूण लावून, सोबत मश्रूम लोण्यात खरपूस परता, ते बायकोलाही होतील. आधी सोसिसों आणा, वाळवलेलं डुकराचं सॉसेज, पातळ चकत्या करून. आणि सर्वेल द कान्यू नक्की करा. नावाचा अर्थ विणकराचा मेंदू, कान्यू म्हणजे तिथले रेशीम विणणारे, पण मेंदूबिंदू काही नाही हो, पूर्ण व्हेज. फ्रोमाज ब्लाँ म्हणजे आपल्या चक्क्याचा मवाळ भाऊ, रात्रभर फडक्यात टांगा, मग बारीक कांदा, लसूण, चाइव्ह (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात), मीठ-मिरपूड, ऑलिव्ह ऑइल आणि चमचाभर व्हिनेगर. उकडलेल्या गरम बटाट्यावर घ्यायचं. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी वर जिऱ्याची फोडणी ओतली, तेही वाईट नाही लागलं पण ल्योंकरांना सांगू नका.

निवांत_नाना:
रिपोर्ट देतो. कोंबडी जमली, मश्रूम जरा करपले. बाटली दुपारीच फ्रिजमध्ये टाकली आणि विसरलो, काढली तर गारढोण, वासच येईना! आजींनी काही न बोलता ग्लास दोन्ही तळहातांत धरून दहा मिनिटं गप्पा मारल्या, मग प्यायल्या. चक्क्याचं भांडं त्यांनी पावाने पुसून खाल्लं. बायको म्हणते पुढच्या वेळी फोडणी घालूया, @खमंग_फोडणी, जिरं की मोहरी?

खमंग_फोडणी:
जिरं. मोहरी कडू लागते त्यात, करून बघितलंय.