पावसाळ्यात एबीएसचा दिवा लागतो. संपूर्ण मॉड्यूल बदलावे का?

प्रश्न (पेडणे)
आमची मोटार समुद्राजवळ उघड्यावर उभी असते. पावसाची झड लागली की डॅशबोर्डवर एबीएस (जोराने ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागीच घसरून फिरू न देणारी यंत्रणा) हे दोन्ही दिवे पेटतात व सलग दोन-चार दिवस ऊन पडले की विझतात. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावल्यावर पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरच्या सर्किटचा बिघाड-कोड आला, तरी सल्ला मात्र पूर्ण एबीएस मॉड्यूल (ही यंत्रणा चालवणारा नियंत्रक) बदलण्याचा मिळाला. तो खर्च आम्हाला झेपणारा नाही. हा सल्ला योग्य आहे का, आणि तोवर गाडी चालवावी का?

उत्तर (फोंडा)
मॉड्यूल बदलण्याची घाई कृपया करू नका. कोड ‘सर्किट’ म्हणतो, याचा अर्थ सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर आणि मॉड्यूलची पिन यांपैकी कुठेही दोष असू शकतो. चाकासोबत फिरणाऱ्या कड्यावरून सेन्सरला मिळणाऱ्या स्पंदांवरून मॉड्यूल प्रत्येक चाकाचा वेग ठरवते, आणि तोच वेग ट्रॅक्शन कंट्रोललाही लागत असल्यामुळे दोन्ही दिवे एकदम पेटतात. आजकालच्या बहुतेक सेन्सरांचा संकेत साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर इतक्या क्षीण प्रवाहाचा असतो. त्यामुळे कनेक्टरमध्ये खारट ओल शिरून पिनांवर हिरवा गंज धरला, तर तेवढ्यानेही तो बिघडतो. उन्हाने दिवा विझतो, यावरून मला ओलीचाच संशय अधिक येतो. आधी कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या, त्याचे रबरी सील पाहा आणि स्टिअरिंग वळवताना वायर जिथे वाकते तिथे तिला चीर गेली आहे का, हे तपासा. त्यानंतर गाडी सावकाश चालवत स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र पाहायला सांगा.

उत्तर (मडगाव)
वरील मताशी सहमत आहे. मात्र तपासणीसाठी सेन्सर उपसून काढू देऊ नका; आपल्या हवेत तो गंजून आपल्या जागी घट्ट बसतो आणि काढताना तुटतो.

केवळ एबीएसचा पिवळा दिवा असेल तर नेहमीचे ब्रेक चालतात, परंतु जोराने ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊन गाडी वळवता येत नाही. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत भर पावसात चोर्ला घाटाच्या वाटेला जाऊ नये. ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर गाडी तिथेच थांबवून मेकॅनिकला बोलवावे.