मंत्र्याने खासदारकी सोडावी म्हणे! फ्रान्सचं कौतुक पुरे

वऱ्हाडी_ठेचा: "मंत्री व्हायचं तर खासदारकी सोडा, फ्रान्सकडे बघा" ही कालची पोस्ट आणि त्याखालचं वा वा वाचून डोकं फिरलं. मंत्र्याला खासदारकी सोडायला लावणारं घटनेचं कलम 23 तिथे 1958 पासून आहे, मान्य. पण सोडतात म्हणजे काय? निवडणुकीतच सोबत बदली उमेदवार निवडून आलेला असतो, तो महिन्याभराने जागेवर बसतो. 2008 च्या घटनादुरुस्तीपासून तर मंत्रिपद गेलं की साहेब परत आपल्या बाकावर! जुलै 2024 मध्ये कहर झाला. राजीनामा दिलेल्या सरकारातल्या 17 मंत्र्यांनी खासदार म्हणून सभागृहाच्या अध्यक्षपदासाठी मतं टाकली. सरकारच्या बाजूच्या ब्रॉन-पिवे 220, डाव्यांचे शासेन 207. करा वजाबाकी, फरक 13 आणि मंत्र्यांची मतं 17!

तात्या_पंढरपूर: पोस्ट माझीच. तो अपवाद त्यांच्या कायद्यातच आहे, चोरून नाही केलं. आणि नेदरलँड्स विसरलात? तिथेही मंत्री खासदारकी सोडतो, पक्षाच्या यादीतला पुढचा माणूस येतो, विषय संपला. आपल्याकडे खासदार मंत्री झाला की सभागृहात प्रश्नच विचारत नाही. आमच्या अर्धवट पुलाचं कोणी विचारायचं?

वऱ्हाडी_ठेचा: नेदरलँड्समध्येही निवडणुकीनंतर काळजीवाहू मंत्र्याला दोन्ही खुर्च्या चालतात. अर्धंच वाचता तुम्ही.

माई_७२: प्रश्न विचारून कुणाचं भलं झालंय? आईंना केमोला मुंबईला न्यायचं होतं, तिकीट वेटिंगवर. आमचे खासदार तेव्हा राज्यमंत्री. पीएने लेटरहेडवर ईक्यूचं, म्हणजे रेल्वेच्या इमर्जन्सी कोट्याचं पत्र दिलं, चार्ट लागला तेव्हा खालचा बर्थ! नुसत्या खासदाराचं पत्र कोण बघतं?

कोकणी_फणस: म्हणजे तुमचं तिकीट कन्फर्म झालं म्हणून घटना आहे तशी ठेवायची? आमचा खासदार विरोधी पक्षाचा. त्याचं पत्र घेऊन गेलो, तरी बाबांना रात्रभर दारापाशी बसवून नेलं.

माई_७२: आजारी माणसावरून टोमणे मारू नका.

कोकणी_फणस: माझेही बाबा आजारीच होते हो.

तात्या_पंढरपूर: हीच ती लेटरहेडशाही! केंद्रीय विद्यालयातला खासदारांचा 10 जागांचा कोटा 2022 ला बंद झाला, तेव्हा कुणाचं काय अडलं?

नाशिकचा_नाना: आमच्या पोरीचं अडलं. बोलायला सोपं असतं.

वऱ्हाडी_ठेचा: मूळ विषयावर या. आपल्याकडे नियम नेमका उलटा. आधी मंत्री व्हा, सहा महिन्यांत सदस्य व्हा. उद्धव ठाकरे नोव्हेंबर 2019 ला मुख्यमंत्री, विधान परिषदेवर मे 2020 मध्ये, तेही बिनविरोध. तात्यांची बदलीची सोय इथे आणली तर बदली उमेदवार कोण असेल? चिरंजीव, नाहीतर सूनबाई.

तात्या_पंढरपूर: आत्ता वेगळं कोण असतं? निदान मतपत्रिकेवर नाव तरी आधी दिसेल. बाकी राजीनामा दिलेल्या मंत्र्याने मत टाकू नये, एवढं तुमचं खरं. वाटा पेढे.

नाशिकचा_नाना: माई, ते ईक्यूचं पत्र किती वाजेपर्यंत पोचावं लागतं? परवा अमरावतीला निघायचंय.