मदत हवी आहे : बोलेरोत दुसरी बॅटरी बसवण्याबाबत
नमस्कार. भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम करताना १२ व्होल्टचा छोटा फ्रिज आणि दिवे रात्रभर चालावेत, तरीही सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू व्हावी, यासाठी डिझेल बोलेरोत मागच्या बाजूला १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवण्याचा विचार आहे. गॅरेजवाले साधा रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून दोन्ही बॅटऱ्या जोडायला सांगतात. मला ते पटत नाही, कारण उतरलेली लिथियम बॅटरी भरमसाट करंट ओढते आणि अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे, बॅटरी चार्ज करणारे जनित्र) तापतो. म्हणून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (करंट मर्यादेत ठेवून दुसरी बॅटरी चार्ज करणारे उपकरण) घ्यावा असे वाटते. बॉनेटपासून मागपर्यंत सुमारे ५ मीटर वायरला १६ चौरस मिलिमीटर जाडी पुरेल का, आणि दोन्ही बॅटऱ्यांजवळ किती अँपिअरचे फ्यूज लावावेत? वायर पत्र्यातून आत नेताना रबरी ग्रोमेट (वायर कापू नये म्हणून छिद्रात बसवायची कडी) नेमके कुठे बसवले, हे अनुभवी सदस्यांनी फोटोसह कळवल्यास फार मदत होईल.