मदत हवी आहे: २० गुंठे खाचरात सहा माणसांचा वर्षभराचा तांदूळ कसा पुरवावा?

नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. वेल्हे (आता राजगड) तालुक्यात आमच्या वाटणीला २० गुंठे भातखाचर आणि त्याच्या वर उतारावर १० गुंठे वरकस जमीन आहे. आईवडील गावी असतात, आम्ही चौघे आवणीला (भाताच्या लावणीला) आणि कापणीला जातो. म्हणजे चुली दोन असल्या तरी खाणारी माणसे सहा आणि कणगी एकच. विकण्यासाठी आम्ही काही पिकवत नाही आणि पुढेही पिकवायचे नाही.

गेल्या हंगामात आंबेमोहोराचे सुमारे ४०० किलो भात झाले. गिरणीतून भरडून आणल्यावर तांदूळ २६० किलोच्या आसपास भरला. दोन्ही घरांत मिळून रोज किलोभर तांदूळ लागतो, त्यामुळे मार्गशीर्षात भरलेली कणगी श्रावणातच तळाला जाते आणि गौरी-गणपतीच्या नैवेद्याला दुकानातला तांदूळ आणावा लागतो. आईला ही गोष्ट फार लागते. वर्षभर पुरायचे तर साधारण ५६० किलो भात व्हायला हवे.

आंबेमोहोराऐवजी इंद्रायणी ही भाताची जात लावा, असे बहुतेक जण सुचवतात. तिचा उतारा जास्त आहे आणि आंबेमोहोरासारखी ती वाऱ्यापावसात लोळत नाही, हे मान्य आहे. पण आंबेमोहोराचे बियाणे आईने स्वतः राखलेले आहे. कापणीच्या आधी ती खाचरात शिरून एकसारख्या भरलेल्या लोंब्या हाताने खुडते, त्यांची जुडी बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगते आणि पेरणीआधी दाणे मिठाच्या पाण्यात टाकून तरंगलेले पोचट काढून टाकते. हे बियाणे आमच्या हातून संपू नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून १२ गुंठ्यांत इंद्रायणी आणि ८ गुंठ्यांत आंबेमोहोर घ्यावा, असा विचार आहे. भातात परपरागण, म्हणजे एका जातीचे पराग दुसरीला लागणे, फार थोडे होते हे ठाऊक आहे; भीती आहे ती तरव्यात (रोपांच्या वाफ्यात) आणि खळ्यावर होणाऱ्या भेसळीची. दोन्ही जाती जवळजवळ लावणाऱ्यांनी मळणी आणि साठवण वेगळी कशी ठेवली, ते कृपया सविस्तर लिहावे.

आंबेमोहोर चारसूत्री भातशेतीतल्या नियंत्रित लावणीने, म्हणजे १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर, घेतल्यास लोळण्याचे प्रमाण कमी होते का? वडिलांचे म्हणणे आहे की खताची मात्रा वाढली की तो हमखास आडवा होतो, आणि त्यांचा अनुभव मला खोडवत नाही.

वरकसावर पूर्वी नाचणी आणि वरई होत असे. आता ती पडीक आहे. तिथे पुन्हा नाचणी लावली आणि रात्रीच्या जेवणात भाकरी आली, तर तांदळाचा खप आपोआप कमी होईल. मात्र रानडुकरे रात्रीत पीक उलथून टाकतात आणि राखणीला माणूस नाही. वेल्हे, मुळशी किंवा भोर भागात कोणी एवढ्याशा तुकड्याची राखण परवडेल अशा खर्चात केली असेल, तर त्यांच्या अनुभवाची आम्हाला सर्वांत जास्त गरज आहे. मृगाच्या आधी कुंपणाचे ठरवावे लागेल.