मदत हवी आहे: न संपणाऱ्या बेरजेत बरोबर एक सहस्रांशाचाच फरक का पडतो?

नमस्कार. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. मुलगी अकरावीत गुणोत्तर श्रेढी शिकत आहे आणि जी बेरीज संपतच नाही तिचे उत्तर कसे काढायचे, असा तिचा प्रश्न होता. १/२ + १/४ + १/८ … ही बेरीज १ च्या पुढे का जात नाही, एवढे मी तिला समजावू शकलो. पुढे उत्साहाच्या भरात आम्ही १ − १/३ + १/५ − १/७ … ही मालिका एक्सेलमध्ये मांडली, कारण तिच्या अनंत पदांची बेरीज पाय (π) या संख्येच्या चौथ्या भागाइतकी होते, असे वाचनात आले होते.

हजार पदांची बेरीज करून तिला चाराने गुणले, तेव्हा ३.१४०५९२६५३८ असा आकडा आला. पायची खरी किंमत ३.१४१५९२६५३५ अशी सुरू होते. म्हणजे दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक चुकला, पण त्यापुढचे सहा अंक पुन्हा बरोबर आले! शंभर पदे घेतली तर ३.१३१५९२९ येते, तेथे दुसरा अंक चुकतो आणि पुढचे चार जुळतात. आमच्या कामात ताळा जुळला नाही आणि फरक असा गोल रकमेचा निघाला, की एखादी नोंद राहून गेली असावी हा पहिला संशय येतो. त्यामुळे तासभर मी सूत्रच तपासत बसलो, पण चूक सापडली नाही. हा फरक इतका नेमका का येतो, हे कृपया कोणी सोप्या शब्दांत सांगावे.

प्रतिसाद

आपले सूत्र बरोबर आहे आणि आपला संशयही अगदीच चुकीचा नाही, कारण एक नोंद खरोखरच राहिली आहे: हजाराव्या पदानंतरची सगळी शेपटी. या मालिकेत चिन्ह आलटून पालटून बदलत असल्यामुळे बेरीज खऱ्या किमतीच्या एकदा खाली, एकदा वर अशी झोके घेते, आणि खरी किंमत प्रत्येक झोक्याच्या जवळपास मध्यावर असते. म्हणून उरलेली शेपटी साधारण अर्ध्या पदाएवढी असते. हजारावे पद १/१९९९ आणि त्यापुढचे १/२००१. त्यांच्या मधला १/२००० धरून त्याचे निम्मे केले की १/४००० मिळतात, आणि चाराने गुणल्यावर आपला एक सहस्रांश हाती येतो.

हा अंदाज इतका नेमका कसा, तेही तपासता येते. शेपटीच्या या अंदाजाला, म्हणजे १ भागिले पदसंख्येची चौपट याला, दुरुस्ती म्हणू. ९९९ पदांनंतरची दुरुस्ती आणि हजार पदांनंतरची दुरुस्ती यांची बेरीज हजाराव्या पदाएवढी, म्हणजे १/१९९९ यायला हवी. १/३९९६ आणि १/४००० मिळवून पाहा: छेद १९९९ ऐवजी सुमारे १९९८.९९९५ येतो. चूक राहते ती एवढीच, आणि म्हणूनच पुढचे सहा अंक शाबूत राहतात.

पाश्चात्य पुस्तकांत ही मालिका जर्मन गणितज्ञ लाइब्निट्सच्या नावाने येते, परंतु केरळच्या गणितपरंपरेत तिचे श्रेय चौदाव्या शतकातील गणितज्ञ, संगमग्रामच्या माधवाला दिले जाते. ज्येष्ठदेवाने मल्याळममध्ये लिहिलेल्या ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात शेपटीचा विचार याच पद्धतीने केलेला आहे. तेथे आणखी बारीक दुरुस्तीही आहे: पदांची संख्या ‘न’ या अक्षराने दाखवली, तर १/(४न) ऐवजी न/(४न² + १) घ्यावे. पदांची संख्या सम असल्यास दुरुस्ती मिळवावी, विषम असल्यास वजा करावी. आपण दहाच पदे घेऊन पाहावे.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. दहा पदांची बेरीज चाराने गुणून ३.०४१८३९६ आली होती. तीत १०/४०१ ची चौपट, म्हणजे ०.०९९७५०६ मिळवल्यावर ३.१४१५९०२ झाले. दुरुस्तीशिवाय एवढ्या जवळ पोहोचायला चार लाखांहून अधिक ओळी लागल्या असत्या, असा हिशेब मुलीने लगेच केला. आता ती मला विचारते आहे की, ते ‘+ १’ कोठून आले.