सोयाबीनचा भाव पाडतं कोण, बाजार का सरकार?

औसेकर:
सरकारनं शेतमालाच्या बाजारातून अंग काढून घ्यावं. हमीभाव नको अन् बंद्याही नकोत. 2021 च्या ऑगस्टात लातूरला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं, तर त्याच महिन्यात केंद्रानं 12 लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या सोयाबीनच्या पेंडीच्या आयातीला मोकळीक दिली. जे बी आपण पेरलं तर गुन्हा, त्याची पेंड बाहेरून आलेली चालते! मग खाद्यतेलाचं आयात शुल्क उतरवलं, ऑक्टोबरात साठ्यावर मर्यादा आली, 20 डिसेंबरला बाजार नियामक सेबीनं वायदेच, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदेच बंद केले. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे दिसले की यांना महागाई आठवते. शेतकरी संघटना 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणायची ते उगाच नाही.

पूर्णाकाठ:
दादा, काय बोलायलाव! 2024 ला हमीभाव क्विंटलला 4892 होता अन् मोंढ्यात सौदे त्याच्या कितीतरी खाली निघत होते. तो बाजारच होता ना? माल ओतला की ओलावा मोजायची मशीन लावायची, 'हवा चौदा', म्हणजे ओलावा 14 टक्के म्हणायचं, वरून माती-काडीचं वेगळं कापायचं. आपण बोलत नाही, कारण टेम्पोचं भाडं चढलेलं असतं आणि खता-बियाची उचल त्याच आडत्याकडून घेतलेली असते. सरकार बाजूला झालं तर मशीन तीच राहणार, आडत्याही तोच.

औसेकर:
म्हणून तर दुसरा गिऱ्हाईक पाहिजे. अन् 2024 चं म्हणाल तर त्याआधी दोन वर्षं कच्चं खाद्यतेल जवळपास बिनशुल्क येत होतं. त्या सप्टेंबरात शुल्क वाढवलं, मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्के केलं. असल्या धोरणावर पेरणी कशी ठरवायची?

पूर्णाकाठ:
शुल्क लावणारं सरकारच की! खुला बाजार पाहिजे तर ब्राझीलचा मालही खुशाल येऊ द्या.

औसेकर:
येऊ द्या. पण बियाणं, वायदा, निर्यात माझीही मोकळी करा. हात बांधून कुस्ती लावू नका.

बिनशेतीचा:
तुम्ही दोघं विकणारे, मी रोजंदारीवाला, किलोभर तूरडाळ घेताना विचार करतो. भाव मोकळे सोडले तर आमच्या ताटाचं काय?

औसेकर:
भाऊ, तुम्हाला मदत हवीच, ती तिजोरीतून थेट खात्यात द्या. आता तुमची डाळ स्वस्त करायचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून निघतोय, तेही बजेटात न दाखवता.

बिनशेतीचा:
बाकी सगळ्यातून सरकार बाहेर, अन् माझ्या खात्यापुरतं आत? आत्ता रेशन मिळतं, ते तरी दिसतं.

पूर्णाकाठ:
माझं एवढंच म्हणणं, हमीभावाच्या खाली बोलीच निघू नये असा कायदा करा.

औसेकर:
करून पाहिलंय. 2018 च्या ऑगस्टात राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, हमीभावाखाली खरेदी केली तर वर्षभर कैद, 50 हजार दंड. व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली, सरकारला खुलासे करत बसावं लागलं. सणाच्या तोंडावर ज्याला मूग-उडीद विकायचा होता त्यानं काय करायचं?

पूर्णाकाठ:
म्हणजे व्यापारी खरेदी बंद करू शकतो, महिनाभर घरी बसू शकतो. मला घरी बसता येतं का? पोरांची फी, सोसायटीचं कर्ज, पुढचं रब्बीचं बी. तुम्ही सांगता ती मोकळीक त्याला आजच आहे दादा. मला ती कशी मिळणार, ते लिवा.

औसेकर:
गावात गोदाम, मालावर तारण कर्ज, अन् वायदे पुन्हा चालू. माल थांबवायची ताकद तिथून येते.

पूर्णाकाठ:
गोदाम कोण बांधणार?