आमवात आटोक्यात असताना सुरू झालेल्या नव्या दुखण्याचे निदान कसे करून घ्यावे?

प्रश्न (मुलुंडची वाचक)

माझे वय ४३ असून मला ९ वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आणि जोडीला फॉलिक ॲसिड चालू आहे. आजार उसळला तेव्हा दोन वेळा काही महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही घ्यावे लागले. बोटांचे आणि मनगटांचे दुखणे आता इतके ओळखीचे झाले आहे की सकाळी हात किती वेळ आखडलेले राहतात, यावरून पुढचा दिवस कसा जाणार हे मला कळते. परंतु साडेतीन महिन्यांपासून उजव्या जांघेत जे दुखते ते या ओळखीतले नाही. ते सकाळी फारसे नसते, चालल्यावर वाढते आणि मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते. दादरच्या पुलाचे जिने चढताना कठडा धरावा लागतो आणि मांडी घालून जमिनीवर बसणे तर बंदच झाले आहे.

डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला, रक्तातले ईएसआर आणि सीआरपी हे दाह दाखवणारे घटक तपासले, आणि सर्व ठीक असल्याचे सांगून ‘आमवात म्हटला की थोडेफार दुखायचेच’ असे म्हणून वेदनाशामक गोळ्या दिल्या. रक्ताचे अहवाल सांगतात की आमवात आटोक्यात आहे, आणि डॉक्टर सांगतात की दुखणे आमवाताचेच आहे; या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला उमगलेले नाही. घरच्यांना आता हे सारे मनाचे खेळ वाटू लागले आहेत. डॉक्टर बदलावेत, की त्यांनाच पुन्हा विचारावे?

उत्तर १ (लालबागचा रहिवासी)

ताई, मला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार आहे आणि आपले वर्णन वाचताना माझाच जुना केसपेपर वाचत असल्यासारखे वाटले. माझेही गुडघ्याचेच एक्स-रे निघत राहिले, एकदा नव्हे तर तीनदा, आणि दोष निघाला खुब्यात. स्टेरॉइडच्या वापरामुळे काही रुग्णांत मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन हाड मरू लागते. याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. कोविडनंतर २०२१ मध्ये मुंबईतल्याच अशा रुग्णांच्या बातम्या आल्या तेव्हा हे नाव अनेकांच्या कानावर पडले. सुरुवातीच्या अवस्थेत खुब्याचा एक्स-रेसुद्धा स्वच्छ दिसू शकतो आणि बदल एमआरआयमध्येच दिसतात, ही यातली खरी मेख आहे. हाड खचण्यापूर्वी कळले तर सांधा वाचवण्याचे काही मार्ग उरतात. मला उशीर झाला आणि खुबा बदलावा लागला. आपल्याला हेच असेल असे मी म्हणत नाही, परंतु ते नाही असे कोणी तपासल्याशिवाय म्हणू नये. आणि हे वाचून घाबरून स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नका. त्यात वेगळाच धोका आहे.

उत्तर २ (फिजिओथेरपिस्ट, दादर)

खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवणे हे आमच्या क्षेत्रात नित्याचे आहे, कारण दोन्ही सांध्यांना संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूंपैकी काही समान आहेत. म्हणून गुडघा दुखतो म्हणणाऱ्या रुग्णाला पाठीवर झोपवून त्याचा पाय खुब्यातून आत-बाहेर फिरवून पाहावा लागतो. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. आपली ही तपासणी झाली होती का, ते आठवून पाहा. मांडी घालता न येणे हे तर फार बोलके लक्षण आहे. ते ‘पाय दुखतो’ या दोन शब्दांत बुडवू नका.

डॉक्टर बदलण्याआधी त्याच डॉक्टरांना वेगळ्या रीतीने सांगून पाहावे, असे माझे मत आहे. ओपीडीत मिळणारा वेळ थोडा असतो आणि ‘आमवात आहे, शिवाय जांघ दुखते’ अशी सुरुवात केली की ऐकणाऱ्याचे लक्ष आमवातावरच थांबते. त्याऐवजी नवे दुखणे आधी सांगा: कधीपासून, नेमके कुठे, कशाने वाढते, काय करणे बंद झाले. त्यानंतर आमवात आणि घेतलेल्या स्टेरॉइडचा हिशेब सांगा, आणि ‘हे आमवाताचे नसेल तर दुसरे काय असू शकते?’ असे सरळ विचारा. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही असल्यास तेही न विचारता सांगावे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णात हाडांच्या किंवा मणक्याच्या क्षयाचा विचार आपल्या शहरात करावाच लागतो.

उत्तर ३ (बोरिवलीची वाचक)

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून दुसरी बाजू मांडते. मलाही आमवात आहे आणि दोन वर्षे मी एका तपासणीतून दुसऱ्या तपासणीत फिरत राहिले. प्रत्येक अहवाल ‘नॉर्मल’ येई आणि प्रत्येक वेळी मी अधिकच खचे. शेवटी फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा विकार असल्याचे निदान झाले, जो आमवाताच्या जोडीने असू शकतो आणि जो रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये सापडत नाही. अहवाल स्वच्छ आले म्हणजे दुखणे खोटे ठरत नाही, एवढे मात्र घरच्यांना ठामपणे सांगा. तरीही एक फरक मान्य करते: माझे दुखणे अंगभर होते आणि जागा बदलत असे, तर आपले एकाच जांघेत ठाण मांडून आहे. त्यामुळे आपल्या जागी मीही आधी खुबाच तपासून घेतला असता.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांची आभारी आहे. जुन्या फाईलमधून प्रेडनिसोलोनच्या सर्व चिठ्ठ्या काढून तारखेनुसार लावल्या, तेव्हा दोन नव्हे तर तीन वेळा ते घेतल्याचे लक्षात आले. एक पाच महिन्यांचा काळ मी पूर्णपणे विसरले होते. तोच कागद घेऊन काल त्याच डॉक्टरांकडे गेले आणि जांघेपासून सुरुवात केली. त्यांनी प्रथमच पाय फिरवून पाहिला, आत वळवताना मी ओरडले, आणि त्यांनी काही न बोलता दोन्ही खुब्यांचा एमआरआय लिहून दिला, कारण अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस असल्यास ते अनेकदा दोन्ही बाजूंना आढळते. तपासणी गुरुवारी आहे. तोपर्यंत डाव्या हातात काठी धरून चालायला सांगितले आहे. दुखणे उजवीकडे आणि काठी डावीकडे का, हे सासूबाईंना समजावण्यात आजची संध्याकाळ गेली.